बालविकास व कौटुंबिक संबंध

बालविकास व कौटुंबिक संबंध : गर्भावस्थेपासून किशोरावस्थेच्या अखेरीपर्यंत मुलाच्या शरीरात, हालचालींत, भाषेत, बुद्धीत, भावनांत व सामाजिक वर्तनात होणारे बदल आणि हे बदल ज्या कुटुंबात घडतात त्यातील व्यक्तींचे परस्परसंबंध, यांचा एकत्र अभ्यास करणारा विद्यापीठीय विषय. गृहविज्ञानाच्या पाच प्रमुख शाखांपैकी ही एक शाखा होय. अन्न व पोषण, वस्त्रशास्त्र, गृहव्यवस्थापन आणि विस्तारशिक्षण या तिच्या भगिनी शाखा. गेल्या काही दशकांत अनेक विद्यापीठांनी या शाखेचे नाव ‘मानव विकास व कुटुंब अध्ययन’ असे केले असून वृद्धावस्थेपर्यंतचे सर्व आयुष्य तिच्या कक्षेत घेतले आहे. तथापि तिचा गाभा मूल व घर हाच राहिला आहे.

मानसशास्त्र व्यक्तीचा विचार करते, समाजशास्त्र कुटुंब या संस्थेचा, तर वैद्यक शरीराचा व त्याच्या विकारांचा. दोन वर्षांचे मूल अद्याप बोलत नाही, हा प्रश्न या तिन्ही शास्त्रांपुढे येऊ शकतो. त्याला ऐकू येते काय हे वैद्य पाहील, त्याची आकलनशक्ती कितपत आहे हे मानसशास्त्रज्ञ पाहील. प्रस्तुत विषयाचा अभ्यासक त्याबरोबरच आणखी काही प्रश्न विचारतो : दिवसभर मुलाजवळ कोण असते, त्याच्याशी कोण बोलते, घरात किती भाषा वा बोली आहेत, आईला शेतातून परतण्यास किती वाजतात, आजी ऐकू येणारी आहे की बहिरी. ही उत्तरे एकत्र मांडली म्हणजे मुलाच्या न बोलण्याचा अर्थ लागू लागतो. विषयाच्या नावातील ‘व’ हे अव्यय म्हणूनच महत्त्वाचे आहे.

वाढ आणि विकास या दोन संज्ञांत या शास्त्रात भेद केला जातो. उंची, वजन, डोक्याचा घेर यांत मोजता येण्याजोगी जी भर पडते ती वाढ; बसणे, चालणे, बोलणे, दुसऱ्याच्या मनातील ओळखणे यांसारख्या क्षमतांची क्रमाने होणारी घडण म्हणजे विकास. वाढ खुंटलेल्या मुलाचा विकासही बहुधा मंदावतो; परंतु अंगाने भरलेल्या मुलाचा विकास नीट होतच असेल, असे मात्र गृहीत धरता येत नाही.

उगम : मुलांच्या संगोपनाचा विचार भारतात प्राचीन आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे एक अंग असून काश्यपसंहिता  हा त्यावरील प्रसिद्ध ग्रंथ होय. आधुनिक अर्थाने बालकाचे शास्त्रीय निरीक्षण मात्र एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. चार्ल्स डार्विन (१८०९–८२) याने आपल्या पहिल्या मुलाविषयी केलेल्या नोंदी १८७७ साली प्रसिद्ध केल्या आणि जर्मनीत व्हिल्हेल्म प्रायर (१८४१–९७) याचा बालमनावरील ग्रंथ १८८२ साली निघाला. दोघांनीही निरीक्षण केले ते स्वतःच्या घरातील मुलाचे. एका मुलावरून सर्व मुलांविषयी अनुमान काढण्याची ही अडचण पुढील शंभर वर्षे निरनिराळ्या रूपांत या विषयाची पाठ सोडत नाही.

विद्यापीठात या विषयास स्थान मिळाले ते अमेरिकेत व गृहविज्ञानाच्या आश्रयाने. १८९९ साली लेक प्लॅसिड येथे भरलेल्या परिषदेपासून तेथे गृहविज्ञानाची चळवळ संघटित झाली. १९१७ साली आयोवा येथे बालकल्याण संशोधन केंद्र निघाले आणि डिट्रॉइटच्या मेरिल-पामर संस्थेने १९२२ साली आपल्या विद्यार्थिनींच्या अभ्यासासाठी शिशुशाळा चालू केली. महाविद्यालयास जोडलेली प्रयोगशाळा-बालवाडी हे या विषयाचे आजही जे वैशिष्ट्य आहे, त्याचे मूळ अशा शाळांत आहे. याच काळातील एक प्रथा आज विलक्षण वाटते. कॉर्नेल विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागात १९१९ पासून अनाथालयातून तान्ही मुले आणून ती विद्यार्थिनींच्या हवाली करीत. विद्यार्थिनी विभागाच्या निवासात राहून आळीपाळीने आईची भूमिका घेत, मुलास वेळापत्रकाप्रमाणे दूध देत, झोपवीत व प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवीत. शास्त्रशुद्ध रीतीने वाढलेली म्हणून ही मुले दत्तक घेण्यास पालक उत्सुक असत. ही पद्धत १९६९ पर्यंत टिकली. काही दिवसांनी बदलणाऱ्या आयांच्या हातून वाढण्याचा मुलाच्या मनावर काय परिणाम होत असेल, हा प्रश्न ती सुरू करणाऱ्यांना पडला नव्हता, कारण संगोपन म्हणजे आहार, स्वच्छता व नियमितपणा अशीच तेव्हाची समजूत होती.

ही समजूत बदलण्यास जॉन बोल्बी (१९०७–९०) याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला १९५१ चा अहवाल मोठ्या प्रमाणात कारण झाला. आईपासून दीर्घकाळ दुरावलेल्या मुलांच्या मानसिक आरोग्याचा परामर्श घेऊन त्याने असे दाखविले, की एका स्थिर व प्रेमळ व्यक्तीचा सहवास ही मुलाची अन्नाइतकीच मूलभूत गरज आहे. त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ (१९१३–९९) हिने युगांडातील खेड्यांत माता व अर्भके यांचे घरोघर जाऊन निरीक्षण केले. त्यावरील तिचा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. मूल व त्याची काळजी घेणारी व्यक्ती यांच्यातील जिव्हाळ्याच्या बंधाविषयीचा आजचा सिद्धांत या दोघांच्या कार्यातून उभा राहिला. त्याचे पहिले मोठे क्षेत्रनिरीक्षण आफ्रिकेतील खेड्यांत, अनेक नातलगांच्या हातांत वाढणाऱ्या मुलांवर झाले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून पुष्कळदा वगळली जाते. झां प्याजे (१८९६–१९८०) याचा बुद्धिविकासाच्या अवस्थांचा आणि एरिक एरिक्सन (१९०२–९४) याचा मनोसामाजिक अवस्थांचा सिद्धांत हे पदवी अभ्यासक्रमाचे नेहमीचे भाग आहेत. या विषयाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त ठरलेली मांडणी मात्र यूरी ब्रॉन्फेनब्रेनर (१९१७–२००५) याची. १९७९ च्या ग्रंथात त्याने मूल हे एकात एक बसविलेल्या वर्तुळांच्या केंद्रस्थानी कल्पिले : आतले वर्तुळ घर, शाळा व शेजार यांचे, त्याबाहेर या सर्वांच्या परस्परसंबंधांचे, त्याबाहेर आईबापांच्या कामाच्या ठिकाणाचे, आणि सर्वांत बाहेर कायदा, अर्थव्यवस्था व संस्कृती यांचे. साखर कारखान्याचा गळीत हंगाम लांबला, तर मराठवाड्यातील एखाद्या मुलाची शाळा बुडते, ही गोष्ट या मांडणीत सहज बसते.

भारतातील व महाराष्ट्रातील अध्यापन : महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात गृहशास्त्र व आरोग्य यांना प्रारंभापासून स्थान होते. दिल्लीचे लेडी अर्विन महाविद्यालय १९३२ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पुढाकाराने निघाले. बालविकास या स्वतंत्र शाखेला विद्यापीठीय प्रतिष्ठा देण्यात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता (१८९७–१९९५) यांनी गृहविज्ञानास स्वतंत्र विद्याशाखेचा दर्जा दिला आणि तेथील बालविकास विभाग देशातील अग्रगण्य विभाग ठरला. महाराष्ट्रात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाची गृहविज्ञान महाविद्यालये, मुंबईचे निर्मला निकेतन आणि नागपूर ही या विषयाची जुनी केंद्रे होत. मुंबईच्या टाटा समाजकार्य शिक्षणसंस्थेने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, स्थापनेनंतर वर्षभरातच १९३७ साली बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. ते देशातील या प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते.

या विद्यापीठीय प्रवाहापेक्षा वेगळा, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक मोलाचा, प्रवाह विद्यापीठांबाहेर वाहत होता. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्यासह भावनगरला बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–९२) या त्यांच्या सहकारी. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडत नाहीत, म्हणून त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांची साधने केली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हे नाव या प्रयोगातून रूढ झाले. पुढे कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी रानातच कुरणशाळा चालविल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्यांचे नाव एका मराठी खेड्यातील प्रयोगातून आले. त्यांतील देखरेखीची पदे भरताना मात्र शासनास विद्यापीठातील बालविकासाच्या पदवीधरांकडे वळावे लागले. दोन्ही प्रवाह येथे एकत्र येतात.

मराठवाड्यात उच्च शिक्षण उशिरा पोहोचले. निजामी राजवटीत येथील विद्यार्थ्यांना हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ हाच मुख्य आधार होता. मराठवाडा विद्यापीठ औरंगाबाद येथे १९५८ साली निघाले. १८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्याच्या गृहविज्ञान महाविद्यालयात बालविकासाचे पदवी व पदव्युत्तर अध्यापन होते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अभ्यासक्रमानुसार अलीकडे महाविद्यालयाचे नाव सामुदायिक विज्ञान महाविद्यालय व शाखेचे नाव मानव विकास व कुटुंब अध्ययन असे झाले आहे. परिषदेच्या गृहविज्ञानविषयक अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचेही परभणी हे एक केंद्र आहे. कृषी विद्यापीठात हा विषय शिकविला जातो याचा परिणाम त्याच्या स्वरूपावर झाला आहे. मुंबई-बडोद्याच्या विद्यार्थिनीस जे कुटुंब वस्तीपातळीवरील प्रकल्पात काही दिवस भेटते, ते परभणीच्या विद्यार्थिनीस अखेरच्या वर्षातील ग्रामीण कार्यानुभवात खेड्यात राहून पाहावे लागते. पुष्कळदा ते तिचे स्वतःचेच कुटुंब असते.

निरीक्षण व मापन : या विषयाचे पहिले कौशल्य निरीक्षण हे होय व तेच शिकविण्यास सर्वांत कठीण आहे. प्रयोगशाळा-बालवाडीत पाठविलेली नवी विद्यार्थिनी आपल्या वहीत ‘मूल हट्टी आहे’ असे लिहिते. शिक्षिका ते खोडावयास लावते. ‘मुलाने दुसऱ्याच्या हातातील ठोकळा तीन वेळा ओढला, मिळाला नाही तेव्हा जमिनीवर बसून रडले, बाई जवळ येताच थांबले’ ही नोंद. हट्ट हा तिचा निष्कर्ष. तो नोंदीनंतर, आणि पुष्कळ नोंदींनंतर यावयाचा असतो. ठराविक अंतराने ठराविक मिनिटे पाहणे (कालनमुना), भांडण वा मदत यांसारखी एकच घटना घडेल तेव्हा ती संपूर्ण टिपणे (घटनानमुना), एका मुलाचा दीर्घकाळ मागोवा घेणे (व्यक्ति-अध्ययन) या निरीक्षणाच्या रूढ पद्धती आहेत. मूल संमती देऊ शकत नाही, म्हणून पालकांची संमती आणि नोंदींची गुप्तता हे नियम आता काटेकोरपणे पाळावे लागतात.

दुसरे साधन म्हणजे प्रमाणित कसोट्या. मराठी मुलांच्या दृष्टीने यांचा इतिहास उद्बोधक आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बीने-सिमॉन बुद्धिमापन कसोटीचे धारवाड येथे कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी रूपांतर केले आणि त्याविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. अर्भकांसाठी अमेरिकेतील नॅन्सी बेली (१८९९–१९९४) हिच्या श्रेणींवरून बडोदा विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय प्रमाणके तयार केली. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या वयासाठी असलेल्या या श्रेणीत कारक विकासाच्या ६७ व मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. तिची सुधारित आवृत्ती १९९७ साली निघाली. देशातील रुग्णालयांतून व बालविकास केंद्रांतून तिचा आजही उपयोग होतो.

प्रमाणक कसे ठरते हे समजल्याशिवाय ते वापरणे धोक्याचे असते. एखादी कृती, उदा., आधाराशिवाय उभे राहणे, निवडलेल्या गटातील निम्मी मुले ज्या वयात करू लागतात ते वय त्या कृतीचे प्रमाणक धरतात. म्हणजे प्रमाणकाच्या वयात उरलेली निम्मी मुले ती कृती करीत नसतात, आणि ती सर्व निरोगी असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतील सुस्थितीतील मुलांवरून कारक विकासाचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यांत आधाराशिवाय चालण्याची वयोमर्यादा ८.२ ते १७.६ महिने अशी आहे. नऊ महिन्यांहून अधिक रुंद अशा या पट्ट्यात कोठेही चालू लागलेले मूल सर्वसाधारणच होय. सुमारे चार टक्के मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. शेजारच्या मुलाशी तुलना करून चिंतित होणाऱ्या मातेस ही एक माहिती दिली, तरी विषयाचा बराचसा उपयोग झाला, असे म्हणता येईल. पट्टा ओलांडला तर मात्र वाट पाहणे अयोग्य ठरते. ‘याचा बापही उशिराच बोलला’ या वडीलधाऱ्यांच्या समजुतीवर विसंबल्याने श्रवणदोष दोन-दोन वर्षे उशिरा लक्षात येतो.

भाषा व सामाजिक वर्तन यांच्या मापनात प्रमाणके विशेष जपून वापरावी लागतात. महाराष्ट्रातील अनेक एकत्र कुटुंबांत मूल आपल्या आईस, घरातील धाकटे दीर तिला म्हणत त्याप्रमाणे, ‘वहिनी’ म्हणे आणि ‘आई’ हा शब्द आजीसाठी राही; वडील ‘दादा’, ‘भाऊ’ वा ‘अण्णा’ असत. अशा मुलास ‘आई कुठे आहे?’ असे विचारल्यास ते आजीकडे बोट दाखवील, आणि कसोटी घेणारी व्यक्ती परकी असल्यास उत्तर चुकीचे धरले जाईल. चूक प्रश्नात असते.

कुटुंबाचा अभ्यास : विषयाच्या या दुसऱ्या अंगाला महाराष्ट्रात समृद्ध परंपरा लाभली आहे. इरावती कर्वे (१९०५–७०) यांच्या १९५३ सालच्या भारतातील आप्तसंबंधांवरील ग्रंथात भाषा व नातेव्यवस्था यांच्या आधारे देशाचे विभाग पाडलेले असून महाराष्ट्र हा मध्य विभागात, उत्तरेच्या व दक्षिणेच्या पद्धतींचा संगम म्हणून येतो. मामाच्या मुलीशी विवाह येथील अनेक जातींत संमत, किंबहुना इष्ट. आतेबहिणीशी मात्र पुष्कळ ठिकाणी निषिद्ध. उत्तर भारतात लग्न झालेल्या मुलीचे सासर सर्वस्वी परके असते. मराठी मुलीच्या बाबतीत सासू ही कधीकधी आत्या असते. सून व सासू यांच्या संबंधांचा अभ्यास करताना, आणि पर्यायाने नातवंडांच्या संगोपनाचा विचार करताना, हा फरक दृष्टिआड करून चालत नाही.

कुटुंब एकत्र की विभक्त, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. जनगणनेत एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे म्हणजे एक घर. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या गावाच्या १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले, की वेगळी चूल मांडलेली कुटुंबेही मालमत्ता, कर्तव्ये व सणसमारंभ यांनी जोडलेली असतात; एकत्रपणा हा कमीअधिक प्रमाणात मोजावा लागतो. ए. एम्. शाह यांनी १९७३ च्या ग्रंथात घर आणि कुटुंब या दोन संकल्पना काटेकोरपणे वेगळ्या केल्या. थोरला भाऊ गावी शेती पाहतो, धाकटा पुण्याजवळच्या कारखान्यात आहे, त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली आहे आणि मोठा मुलगा शाळेसाठी आजीजवळ ठेवला आहे. या माणसांची गणतीच्या दिवशी तीन घरे होतील. आजीच्या दृष्टीने कुटुंब एकच आहे. मुलाच्या विकासाचा संबंध घराशी की कुटुंबाशी, हे प्रत्येक अभ्यासात आधी ठरवून घ्यावे लागते. [⟶ कुटुंबसंस्था].

सेनगाव तालुक्याच्या संदर्भात : या सर्व सिद्धांतांची कसोटी परभणीच्या कार्यक्षेत्रातील एखाद्या तालुक्यात लागते. सेनगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या पाच तालुक्यांपैकी एका तालुक्याचे मुख्य ठिकाण. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचा जलाशय तालुक्याच्या सीमेवर असला, तरी बहुतेक शेती पावसाच्या भरवशाची असून सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा ही मुख्य पिके आहेत. खरिपाची सुगी आटोपली, की मराठवाड्याच्या अशा कोरडवाहू भागांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीस, वीटभट्टीवर किंवा शहरातील बांधकामावर जातात. ऊसतोडीच्या करारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. म्हणजे कामाचे एकक व्यक्ती नसून जोडपे असते आणि त्यामुळे आईने मागे राहण्याचा पर्याय सहसा उरत नाही.

अशा कुटुंबापुढे दोनच मार्ग असतात. तान्हे मूल बरोबर न्यावे, तर ते फडाच्या कडेला झोळीत, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या नजरेखाली वाढते. त्याचे लसीकरण व अंगणवाडीचा आहार खंडित होतो आणि बहिणीची शाळा बुडते. मोठे मूल मागे ठेवावे, तर ते पाच-सहा महिने आजीआजोबांजवळ राहते. शिक्षण विभागाची हंगामी वसतिगृहे व जेवणाच्या सोयी याचसाठी आहेत. आईपासून दुरावलेल्या मुलाविषयीचा बोल्बीचा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावल्यास प्रत्येक स्थलांतरित कुटुंब सदोष ठरेल. परंतु जी आजी मुलास जन्मापासून सांभाळीत आली तिच्याजवळ राहणे आणि अनोळखी संस्थेत राहणे या सारख्या गोष्टी नव्हेत. आजीच्या घरी मुलाचा जिव्हाळ्याचा आधार बहुतांशी टिकतो. गैरसोय होते ती आहाराची, आजारपणात दवाखान्यात नेण्याची व अभ्यासाची, कारण आजी थकलेली असते व पैसा तिच्या हाती नसतो. दुःख आणि उणीव यांच्या जागा अशा रीतीने नेमक्या दाखविता आल्या, तरच मदत योग्य ठिकाणी पोहोचते.

संगोपनाच्या पारंपरिक रीतींकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत मातेस विश्रांती व मायेची माणसे देते. दररोजचे तेल लावणे व न्हाऊ घालणे बाळास स्पर्शाचे सुख देते. पाळण्यातील गाणी, बडबडगीते व ‘इथे इथे बस रे मोरा’ सारखे बोटांचे खेळ हे भाषा व हालचाल यांचे उत्तम शिक्षण होय. उलट, बाळंतिणीचे पहिले घट्ट दूध (चीक) काढून टाकणे, जन्मतःच मध किंवा गुळाचे पाणी चाटविणे, कोंदट खोलीत शेगडीचा धूर कोंडणे या रीती अपायकारक आहेत. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करण्यात होणारी दिरंगाई कुपोषणाचे मोठे कारण ठरते. उष्टावणाचा संस्कार वेळेवर होतो, पण त्यानंतर रोजची वाटी भरतेच असे नाही.

या भागातील सर्वांत कठीण प्रश्न बालविवाहाचा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर परभणी जिल्ह्यात ४८ टक्के होते. हिंगोली जिल्ह्यातही ते राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक आढळले. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा असूनही हे घडते. आईबाप सहा महिने परगावी जाणार, वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी, हा विचार त्यामागे पुष्कळदा असतो. शिवाय ऊसतोडीत नवा ‘कोयता’ तयार होतो. किशोरावस्था हा विकासाचा स्वतंत्र टप्पा आहे, असे पाठ्यपुस्तक सांगते. ज्या मुलीचे सोळाव्या वर्षी लग्न होऊन सतराव्या वर्षी मूल होते तिच्या आयुष्यात तो टप्पा येतच नाही. कमी वजनाचे मूल व अपुरी वाढ झालेली आई यांची साखळी तेथून पुढे चालू राहते. हे चक्र वसतिगृह, वाहतूक व मजुरीचा करार या तीन ठिकाणी तोडता येते. केवळ प्रबोधनाच्या व्याख्यानांनी ते तुटलेले नाही.

शिक्षण व व्यवसाय : बारावीपर्यंत महाराष्ट्रात बालविकास हा ऐच्छिक विषय घेता येतो. सेनगाव परिसरातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कक्षेत येतात. या भागात कला शाखेच्या पदवीसाठी गृहविज्ञान हा विषय घेण्याची प्रथा जुनी आहे. चार वर्षांच्या विज्ञान पदवीसाठी व पुढील संशोधनासाठी मात्र परभणी गाठावी लागते. विद्यार्थी बहुतांशी मुलीच असतात. ‘स्वयंपाक शिकण्यास विद्यापीठ कशाला’ या उपहासाने विषयाचे मोठे नुकसान केले असून बालसंगोपन हे पुरुषाचेही काम आहे, हे सांगणाऱ्या विषयाच्या वर्गात पुरुष नसावेत, ही विसंगती अजून दूर झालेली नाही.

पदवीधरांस बालविकास प्रकल्प अधिकारी, अंगणवाडी पर्यवेक्षिका, पूर्वप्राथमिक शिक्षिका, विशेष मुलांच्या शाळा, बालगृहे व दत्तकसंस्था, रुग्णालयांतील बालविकास केंद्रे आणि समुपदेशन ही क्षेत्रे खुली आहेत. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. हिंगोली जिल्ह्यात तोंडापूर (ता. कळमनुरी) येथे कृषी विज्ञान केंद्र असून अशा केंद्रांतील गृहविज्ञान तज्ञ खेड्यातील स्त्रियांपर्यंत हे ज्ञान नेतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानल्यामुळे अंगणवाडी सेविकेवर आता शिक्षिकेची जबाबदारीही आली आहे. आहारवाटप, वजने, लसीकरणाच्या याद्या व भ्रमणध्वनीवर भरावयाची माहिती यांतून मुलांशी खेळण्यास व बोलण्यास तिला किती वेळ उरतो, यावर या धोरणाचे यश अवलंबून राहील.

अध्यापनाची भाषा हा एक व्यावहारिक प्रश्न शिल्लक आहे. पदव्युत्तर ग्रंथ जवळजवळ सर्व इंग्रजीत आहेत. जिच्याशी बोलावयाचे ती आजी मराठवाडी बोलीत बोलते. विद्यार्थिनीस सिद्धांत इंग्रजीत पाठ असतो, पण ‘तुमचं लेकरू मान कधी धरायला लागलं?’ हा प्रश्न तिला पुस्तकात सापडत नाही. तो तिला स्वतःच्या घरातूनच आणावा लागतो.